सायकलीत हवा कोण भरणार? खान्देशातल्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

स. न. वि. वि.

अमळनेरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बारा बाय दहाचं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, जुनी सायकल घेणं-देणं. वडिलांनी सुरू केलं तेव्हा ते भाड्यानं सायकली द्यायचे. भिंतीचे पोपडे गेलेत, तरी रंगवलेला दर अजून वाचता येतो : तासाला पन्नास पैसे. मी बी. कॉम. झालो, नोकरी लागली नाही, पाना हातात घेतला. त्याला तीस वर्षं होतील. अर्ज लिहायचा सराव आहे, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे मीच लिहितो. असं जाहीर पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. विषय सायकलीचा आहे आणि मनाचाही. दोन्ही एकाच कागदावर का, ते वाचताना कळेल.

आधी कबुली. तीस वर्षांतली पंचवीस मी लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या आणि स्वतः मोटारसायकलवर फिरलो. घर ते दुकान दीड किलोमीटर पण नाही. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझा मोठा भाऊ गेला. दुकानात आम्ही दोघं बसायचो. चाकं बांधणं त्याचं काम, बाकीचं माझं. नऊ दिवसांत सगळं संपलं. घरीही आणता आलं नाही. पुढचे दहा-अकरा महिने मी दुकान उघडायचो म्हणजे शटर अर्धं वर करायचो आणि स्टुलावर बसून राहायचो. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, सामान नाही. सामान त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं असायचं. जेवण जात नव्हतं. रात्री दोनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखं. विचारलं की पित्त आहे म्हणून सांगायचो. आपल्याकडे पित्ताला मान आहे. मन लागत नाही म्हटलं की समोरचा म्हणतो, कामाला लाग, आपोआप लागेल.

मार्च २०२२. एसटीचा संप चालू होता, दहावीची परीक्षा तोंडावर. संध्याकाळी एक मुलगी सायकल ओढत आली. मागचं चाक खड्ड्यात आपटून त्याचा पार आठ झाला होता, ब्रेकला अडून फिरतच नव्हतं. मी नेहमीचं वाक्य म्हणालो, सामान नाही. ती हलेना. "काका, आजच करी द्या. सकाय मना पेपर शे."

चाकाचा आउट काढणं हे भावाचं काम होतं. मला जमायचं, पण त्याच्यासारखं नाही. सायकल उलटी केली. रिमला टेकेल असा खडू धरला, चाक फिरवलं. जिथे रिम बाहेर आलं तिथे पांढरी रेघ उठते. रेघ उठली की त्या बाजूची तार चावीनं पाव फेरा ढिली करायची, समोरच्या बाजूची पाव फेरा आवळायची, पुन्हा फिरवायचं. अर्धा फेरा द्यायचा मोह होतो. दिला की आउट दुसरीकडे निघतो. दोन तास लागले. मधे लाइट गेली, तेव्हा तिनं मोबाइलची बॅटरी धरली. दोन तास माझ्या डोक्यात पांढऱ्या रेघेशिवाय काही नव्हतं, हे मला नंतर लक्षात आलं.

ट्रायल मारायची म्हणून निघालो. चौकापर्यंत जाऊन परत यायचं होतं. गेलो बोरीच्या पुलावर, तिथून पैलाडला, तिथून आणखी पुढे. आलो तेव्हा पोरगी दुकानापुढे रडकुंडीला आलेली. "माले वाटनं, तुम्ही सायकल लई ग्यात!" त्या रात्री मला पहाटे पाचला जाग आली. दोनला नाही.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाटा-वरवंटा. पण भावाची काळी रोडस्टर दुकानाच्या मागे उभी होती. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, दोन्ही चाकं त्याच्या हातची बांधलेली. तिला तेल दिलं, ट्यूब बदलल्या आणि रोज पहाटे काढायला लागलो. पहिले पंधरा दिवस दम लागायचा. धुळ्याच्या अंगानं गेलं की वारा तोंडावर, चैत्र-वैशाखात तर सायकल जागेवर उभी करतो. परत येताना मात्र तोच वारा पाठीवर हात ठेवून आणतो. आमच्याकडे बाहेर पडायचं ते सूर्य वर यायच्या आत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, नऊनंतर सायकलचं हॅण्डल हातात धरवत नाही.

मला काय झालं ते माझ्या भाषेत सांगतो. खचलेल्या माणसाच्या डोक्यात एकच पट्टा फिरत असतो : असं केलं असतं तर, दोन दिवस आधी नेलं असतं तर. घरात बसलात की तो तुटत नाही. सायकलवर खड्डा आला की तुटतो. समोर कुत्रं आडवं आलं, ट्रॅक्टरनं कट मारला, की तुटतो. लगेच पुन्हा जुळतो, पण मधली ती दोन सेकंदं आपली असतात. महिन्याभरात त्यांची दोन मिनिटं होतात. दुसरी गोष्ट अशी की सायकलवर बसल्याक्षणी कुठे जायचं ते ठरवावं लागतं. नीमपर्यंत जाऊ, कपिलेश्वराला संगमावर जाऊन चहा घेऊ. वर्षभर मी उद्याचं काहीही ठरवलं नव्हतं. 'उद्या चोपडा रस्त्यानं जाऊन बघू' असं रात्री झोपताना मनात आलं, तेव्हा मी उठून बसलो. उमेद म्हणतात ती माझ्याकडे तशी आली, रस्त्याच्या नावानं.

पुढे भाचीनं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. गोळ्याही घेतल्या, सहा महिने. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की मन ताळ्यावर आलं की हातपाय हलवू असं म्हणत बसू नये, हातपाय आधी हलवावेत, मन मागून येतं. व्यायामानं उदासपणा उतरायला मदत होते यावर जगभर पुष्कळ अभ्यास झालाय. श्रम केल्यावर मेंदूत दुखणं हलकं करणारी रसायनं सुटतात, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ जाग्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम मेहनत सांगते, मुलांना रोज सरासरी एक तास. सायकलनं शाळेत जाणाऱ्या पोरीचा त्यातला बराचसा हिशोब वाटेतच पुरा होतो, वेगळा तास लागत नाही.

सायकलनं बरा झालो असंही मी कुठे म्हणणार नाही. काही दुखणी डॉक्टरचीच असतात. जीव नकोसा झालेल्याला 'सायकल चालव' सांगून वाटेला लावणं हा गुन्हा आहे. त्याच्याजवळ बसायचं आणि १४४१६ लावून द्यायचा. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. हा नंबर मी दुकानाच्या शटरवर रंगवून घेतलाय, पंक्चरच्या दराखाली. मला गरज होती त्या वर्षी तो नव्हता.

आता तुमच्याकडचं काम.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. योजना चांगली आहे, आणि हे मी धंद्यासाठी म्हणत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देऊ लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर मुलींची माध्यमिक शाळेतली भरती ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं होतं. सायकलवर इतका परतावा देणारी सरकारी योजना शोधून सापडायची नाही.

पण सायकल ही देऊन टाकायची वस्तू नाही. तिला दर आठवड्याला हवा लागते. आमच्या काळ्या मातीत, बाभळीच्या काट्यांत, महिन्यातून एखादं पंक्चर ठरलेलं. गावात पंक्चरवाला असेल तर तो मोटारसायकलचा असतो, त्याच्याकडे सायकलची ट्यूब नसते. नव्या सायकलीच्या हबमध्ये म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बीबीत म्हणजे पायडलच्या मधल्या धुरीच्या नळीत ग्रीस भरलंय की नाही हे कुणी बघत नाही. सहा महिन्यांत आतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, झिजतात, पायडल कटकट वाजायला लागतं, मग सायकल भिंतीला लागते. बापाकडे कपाशीच्या फवारणीला पैसे नसताना तो छर्ऱ्यांना कुठून देणार?

एका शाळेत मी गेलो होतो. नाव लिहीत नाही, ओळखू येईल असंही काही लिहीत नाही. मागच्या शेडमध्ये मुलींच्या चोवीस सायकली एकावर एक रेललेल्या. दोन तास बसून मी मोजलं : अकरांना नुसतं पंक्चर, पाच जणींची चेन उतरून अडकलेली, तिघींचे ब्रेक, दोघींचा आउट. कामातून गेलेल्या म्हणाव्यात अशा फक्त तीन. एकवीस सायकली माझ्यासारख्या माणसाच्या चार दिवसांच्या कामासाठी पडून होत्या. पोरी चालत येत होत्या. एकीला विचारलं, किती दिवस झाले? म्हणाली, आठवीत मिळाली, आठवीतच बसली. ती दहावीत होती.

सायकल नव्हतीच त्या पोरीला सवय असते. जिच्याकडे होती आणि बसली, तिला कळतं की आपल्याला मिळालेली गोष्ट टिकत नाही. चौदाव्या वर्षी एवढं शहाणपण नको.

म्हणून माझं मागणं लहान आहे. वाटलेल्या सायकलींचा आकडा तुमच्या बैठकीत येतोच. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा, चालत्या सायकलींचा. दर वर्षी जून आणि डिसेंबरात मोजा. सायकली देणाऱ्या प्रत्येक शाळेत एक पायाचा पंप, सोल्यूशनची ट्यूब, कानस, दोन टायर लिव्हर, एक पानेसेट ठेवा. हे सामान एका सायकलच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत येतं, बिल मी काढून देतो. आणि पंक्चर काढायला मुलींनाच शिकवा. मी तीन शाळांत शिकवलंय. बादलीत ट्यूब दाबली आणि बुडबुडे आले की वर्ग ओरडतो, गणिताच्या तासाला असं कुणी ओरडत नाही. पहिल्यांदा ठिगळ बसवून स्वतः हवा भरलेली पोर कशी उभी राहते, ते बघायला तुम्ही एकदा या. फीत कापायला नाही. मागच्या बाकावर बसायला.

दुसरं मागणं मोठ्या बायकांसाठी, आणि यात तुमच्याच खात्याचा एक दाखला आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम चालली होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवणं हा मोहिमेचाच भाग केला. मजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीताई, शिक्षिका, लाखावर बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेंट्स सायकलींवर शिकल्या, आणि कित्येकींना तीच बरी वाटली, कारण दांडीवर पोर बसवता येतं. अक्षर शिकवायला निघालेल्या जिल्हाधिकाऱ्याला सायकल का सुचली, हे मला वाचताना आधी कळलं नव्हतं. बायकोला शिकवायला घेतल्यावर कळलं.

ती सत्तेचाळीस वर्षांची. सायकलवाल्याची बायको, आणि आयुष्यात कधी सायकलवर बसली नव्हती. मी विषय काढला तर म्हणाली, "तुमले येड लागनं का? लोके हासतीन." मग आठ दिवसांनी तिनंच विचारलं, अंधारात शिकता येतं का. पहाटे साडेचारला शाळेच्या मैदानावर जायचो. मोठ्या माणसाला मागून कॅरिअर धरून पळत शिकवायचं नाही, दोघंही पडतात. पायडल काढून टाकायची, सीट एवढी खाली घ्यायची की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि लहान पोरासारखं जमीन ढकलत जायचं. चार दिवस तेवढंच. पाचव्या दिवशी तिनं दोन्ही पाय उचलले आणि मैदानाच्या अर्ध्यात जाईपर्यंत खाली टेकलेच नाहीत. मला वाटलं घाबरली. जवळ गेलो तर हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, आखाजीचा झोका आठवला.

तुमच्यापैकी कुणी बाहेरचे असाल तर सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीइतकी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या दोन-चार दिवसांत त्यांना कुठे होतीस, किती वेळ लागला, असं कुणी विचारत नाही. मग सासर, चूल, निंदणी, कापूस वेचणी. पोटात गोळा आणणारा तो झोका वर्षातून एकदाच. बायकोनं तो पहाटे पावणेपाचला, मैदानावर, एकटीनं घेतला. आता तिच्यामुळे गल्लीतल्या सहा जणी येतात. एकीला नवऱ्यानं टाकलंय, एकीचा मुलगा गेलाय. मैदानावर त्या यातलं काही बोलत नाहीत. ब्रेक कुठला आधी दाबायचा यावर भांडतात. तासाभरानं घरी जाताना मात्र वाटेत सगळं बोलून होतं.

अशा बायकांना प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक मैदान, पहाटे पाच ते सात, दिवे लावून आणि एक महिला पोलीस ठेवून द्या. दहा-बारा जुन्या सायकली माझ्यासारखे दुकानदार जमवतील. पोलीस ठाण्यात बेवारस पडलेल्या आणि लिलावात भंगाराच्या भावानं जाणाऱ्या सायकली दिल्या तर आणखी चांगलं, दुरुस्ती आमची.

आता कडू भाग, तोही तुमच्याच टेबलावरचा. पहाटे सायकल काढायची वेळ आणि वाळूचे डंपर निघायची वेळ एकच आहे. गिरणा असो, तापी असो, पांझरा असो, अंधारात दिवे न लावता, नंबरप्लेट चिखलानं माखून ते सुटतात. सायकलवाला दिसला तर हॉर्न देतात, बाजूला होत नाहीत. बाजूला आम्ही व्हायचं, आणि तिथे साइडपट्टी नसते. डांबर संपतं आणि वीतभर खाली खडी असते. रुंद केलेल्या रस्त्यांवर तर हे जास्त झालंय : मधे गुळगुळीत, कडेला कडा. मी दोनदा पडलोय, एकदा मनगट गेलं. साइडपट्टी मुरुमानं भरून दाबणं याला महामार्गाचा निधी लागत नाही. शाळेपासून दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर एवढंच धरलं तरी आई-बाप पोरीला सायकलवर पाठवतील. आज ते पाठवत नाहीत याचं कारण जुनाट विचार आहे असं शहरात बसून लिहितात. मी बापांना विचारलंय. त्यांना डंपरची भीती वाटते.

नंदुरबारच्या मा. जिल्हाधिकाऱ्यांना एक वेगळं. अक्राणी, तोरणमाळच्या चढावर ही सायकल चालायची नाही, ढकलतच न्यावी लागेल, ते मला ठाऊक आहे. तिथल्या पोरींसाठी दुसरं काही लागेल आणि ते काय, हे तिथल्याच कुणी सांगावं. सपाटीवरच्या माणसानं डोंगरावरच्याला शिकवू नये.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. २०२० मध्ये नेमक्या त्याच दिवशी अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. त्या दिवशी भावानं दुकानातली अ‍ॅटलासची जुनी पत्र्याची पाटी उतरवून पुसली आणि पुन्हा लावली. बोलला काही नाही. दर ३ जूनला तुमच्या तिन्ही कार्यालयांना काही करावंसं वाटलं तर रॅली काढू नका. टोप्या वाटतात, फोटो होतो, सायकली टेम्पोतून परत जातात. त्याऐवजी त्या आठवड्यात शाळा उघडायच्या आत शेडमधल्या सायकली बाहेर काढा. माणसं कमी पडली तर मला बोलवा. मजुरी नको, छर्रे आणि ग्रीस तुमचं.

ती दहावीची मुलगी पास झाली. पुढे नर्सिंगला गेली. मागच्या दिवाळीत सायकल विकायला दुकानात आली होती. भाव सांगितला, तर थोडा वेळ घंटी वाजवत उभी राहिली आणि म्हणाली, राहू द्या, धाकटी आठवीत गेलीय. मागचं चाक फिरवून पाहिलं. आउट नव्हता.

कळावे,
आपला,
एक सायकलवाला, अमळनेर

ता. क. – दुकान सकाळी आठ ते रात्री आठ उघडं असतं, शटर पूर्ण वर. रविवारी पहाटे मैदानावर. बायको अजून ब्रेक दाबत नाही, चपला घासून सायकल थांबवते. महिन्यात दुसरा जोड चाललाय.